चेनसॉच्या साखळीला मशीनवर धार लावताना काय काळजी घ्याल?

जळकोट परिसरात बाभूळ कापताना जाड किसाऐवजी बारीक पीठ पडू लागलं, की समजा साखळी बोथट झाली.

इलेक्ट्रिक शार्पनरचा तडकलेला दगड फिरताना फुटला, तर तुकडे थेट तोंडावर येतात. म्हणून:

- आधी प्लग काढा. दगडाला तडा दिसला किंवा वाजवल्यावर आवाज बद्द आला, तर दगड बदला.
- गॉगल घाला, गार्ड काढू नका. सुरू करताना बाजूला उभे राहा.
- साखळीवरचं ऑइल पुसा. कोन कंपनीने सांगितलेलाच ठेवा; बहुतेकदा तो 30 अंश असतो.
- दगड क्षणभरच टेकवा. दात निळा पडला, तर त्याचा कडकपणा गेला.
- सगळे दात सारख्या लांबीचे ठेवा.
- काम झाल्यावर प्लग काढून धूळ झाडा.

मध्येच लाइट गेली? आधी बटण बंद करा. नाहीतर लाइट येताच दगड आपोआप फिरू लागेल आणि तेव्हा तुमचा हात साखळीवर असेल.