गळतं पान आणि फुटला बांध

आपल्या संतांनी जन्ममरण सांगताना दाखले लांबचे दिले नाहीत. झाड, पान, बी, पाणी असे शेतातलेच दिले. म्हणून ते अडाणी माणसालाही कळले.

शके १२१२ ला नेवाशात माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. पंधराव्या अध्यायात त्यांनी संसाराचं उफराटं झाड मांडलंय, मूळ वर नि फांद्या खाली. त्याचं नाव अश्वत्थ, म्हणजे उद्यापर्यंत जसंच्या तसं न टिकणारं. एक गळतं तोवर दुसरं फुटतं, म्हणून लोकांना ते कायमचं वाटतं.

दशक्रियेच्या प्रवचनात मी वर्षानुवर्षं हाच दाखला देत आलो. एकदा गावात तरणं पोर गेलं. मी सवयीनं पान गळायचं सांगू लागलो. त्याचा बाप मधेच उठून म्हणाला, "महाराज, पिकलं पान गळतंय वो. ह्यो तर कोंब व्हता." मला पुढं बोलता आलं नाही.

उत्तर सापडलं ते नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांत. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी. माऊली अवघ्या एकविशीत आळंदीला समाधिस्थ झाले. निवृत्तिनाथ त्यांचे थोरले भाऊ अन् गुरू. उफराट्या झाडाचं ज्ञान त्यांच्याच कृपेचं. पण त्यांचं दुःख नामदेवराय कसं सांगतात? भरल्या तळ्याचा बांध फुटावा अन् पाणी वाट दिसेल तिकडं धावावं, तसं.

बांध फुटलेला ज्यानं पाहिलाय त्याला ठाऊक आहे, त्या घडीला पाण्यापुढं उभं राहून काही चालत नाही. आधी ते वाहू द्यावं लागतं. दगडमाती नंतर.

एवढे ज्ञानी निवृत्तिनाथ, त्यांचाही बांध फुटला, तिथं आपण कोण? संतांनी झाडही सांगितलं अन् बांधही. कुठल्या दारात काय सांगायचं, हे आपण ओळखायचं. पुढं मी त्या बापाकडं जायचो, नुसता बसून यायचो. वर्षश्राद्धाला त्यानंच सांगितलं, "महाराज, आता ते झाडाचं सांगा."

आळंदीत समाधीजवळ अजानवृक्ष आहे. त्याच्या सावलीत वारकरी ज्ञानेश्वरी वाचत बसतात. आपल्या दिंडीचीही शंभर वर्षांत किती पानं गळली! त्यांच्यासाठी आपण रडलो, अन् आषाढात त्यांची पताका दुसऱ्या खांद्यावर घेऊन पंढरीची वाट धरली.

जय हरी!