परिपूर्णतेचा अट्टहास आणि बर्नआऊट

काम नेटके व्हावे, ही इच्छा गुणच होय. मात्र एकही चूक होता कामा नये, हा अट्टहास माणसाला ‘बर्नआऊट’कडे नेऊ शकतो. अमेरिकी मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ही संज्ञा रूढ केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील व्याख्येनुसार हा आजार नव्हे, तर कामाच्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी अवस्था आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा आणि घटलेली कार्यक्षमता ही तिची लक्षणे.

हिल आणि करन यांच्या २०१६ मधील संशोधन-आढाव्यानुसार, उच्च ध्येयापेक्षा चुकांची धास्ती आणि ‘लोक काय म्हणतील’ ही चिंता बर्नआऊटशी अधिक निगडित आहे. अशी व्यक्ती झालेले काम पुनःपुन्हा तपासते, दुसऱ्यावर सोपवत नाही, विश्रांतीलाही अपराध मानते. यश मिळाले तरी समाधान लाभत नाही, कारण अपेक्षा लगेच उंचावते.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांना पाणी देणारा हर्सूल तलावही पावसाची भर न पडता उपसा चालूच राहिला, तर आटतो. मनाचेही तसेच आहे. म्हणूनच कोणते काम किती नेटके हवे, हे आधीच ठरवावे. किरकोळ चुका स्वीकाराव्यात. झोप आणि सुटी टाळू नये. अर्थात कामाचा बोजाच अवाजवी असेल, तर तो कमी करणे ही संस्थेचीही जबाबदारी ठरते. थकवा हटत नसल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवाही विनामूल्य उपलब्ध आहे.