कफनाला मालक आहे, मढ्याला नाही

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे सगळीकडेच असतात. इंग्लंडातल्या लेस्टरचा विल्यम हेन्स त्यातलाच. एका रात्री त्याने तीन पुरुष आणि एका बाईची थडगी उकरली, अंगावरची कफने काढून घेतली आणि प्रेते पुन्हा पुरून टाकली. 1614 साली खटला उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशांपुढे पेच पडला : चोरी म्हणायची, तर माल कोणाचा? मेलेला माणूस कशाचाच मालक असू शकत नाही. तेव्हा ज्याने कफन घातले, त्याचीच त्यावर मालकी राहते, असा निर्णय झाला. मग खुद्द प्रेत कोणाचे? पुढच्या कायदेपंडितांनी उत्तर दिले : कोणाचेच नाही. अंत्यविधी करण्याचा हक्क आणि जबाबदारी वारसांची, पण मालकी कोणाची नाही.

हे तत्त्व दिसायला उदात्त होते. माणूस मेला तरी त्याची वस्तू होऊ नये, हे कोणालाही पटेल. पण अठराव्या शतकात वैद्यकशाळा वाढल्या, चिरफाडीला प्रेते हवी झाली आणि कायद्याने दिलेली जेमतेम फाशी गेलेल्या खुन्यांची. मागणी वाढली तसे प्रेतचोर निपजले. आवाज होऊ नये म्हणून ते लाकडी फावडी वापरत. सगळे थडगे उकरत बसत नसत. डोक्याच्या बाजूने खड्डा घ्यायचा, पेटीचे झाकण तेवढ्यापुरते फोडायचे आणि दोर लावून प्रेत वर ओढायचे. मग कफन उतरवून परत पेटीत टाकायचे, कारण ते नेले तर चोरी! उघडे प्रेत नेले, तर तो सार्वजनिक सभ्यतेविरुद्धचा किरकोळ अपराध. 1788 साली न्यायालयाने तो मानला, एवढेच. कायद्याचे ज्ञान वकिलांपेक्षा या मंडळींनाच अधिक होते म्हणायचे. स्कॉटलंडमध्ये श्रीमंतांनी थडग्यांवर लोखंडी पिंजरे बसवले. गरिबांनी रात्री जागून पहारे केले.

एडिंबरोच्या बर्क आणि हेअर यांनी तर उकरायचेही कष्ट घेतले नाहीत. 1828 साली ते पकडले गेले, तोवर सोळा माणसे मारून त्यांची प्रेते त्यांनी शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकली होती. त्यानंतर 1832 चा शरीरशास्त्र कायदा आला आणि गरिबांसाठीच्या कामगृहांत मेलेल्यांची बेवारस प्रेते वैद्यकशाळांना मिळू लागली. चोरी थांबली, पण भार पडला तो ज्यांच्या मागे रडायला कोणी नव्हते त्यांच्यावर. आपल्याकडचा 1949 चा मुंबई शरीरशास्त्र कायदाही मुळात बेवारस प्रेतांवरच उभा होता.

थडगे उकरण्याची बाजू 1857 साली निस्तरली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एका मुलाचा खटला अपिलात गेला. आईला वडिलांशेजारी पुरावे म्हणून त्याने हेंडनच्या दफनभूमीत वरच्या पेट्या बाजूला सारून तिची पेटी काढली होती. हेतू चांगला होता हे न्यायाधीशांनी मान्य केले, तरी तो दोषी ठरलाच. दंड एक शिलिंग! त्याच वर्षीच्या दफन कायद्याच्या 25 व्या कलमाने परवान्याशिवाय पुरलेले अवशेष हलवायला बंदी घातली. 2012 साली लेस्टरच्या वाहनतळाखाली राजा तिसरा रिचर्ड सापडला, तोही याच कलमाच्या परवान्यावर. त्याला कुठे पुरायचे यावर दूरच्या नातलगांनी थेट न्यायालय गाठले. 2014 मध्ये ते हरले आणि पुढच्या वर्षी तिथल्याच कॅथेड्रलमध्ये राजाचे दफन झाले.

मालकीचा प्रश्न मात्र मागे उरलाच होता. ऑस्ट्रेलियात 1908 साली एक अजब वस्तू न्यायालयात आली होती : काचेच्या बरणीतले दोन डोक्यांचे मृत अर्भक. ते 1868 साली न्यूझीलंडमध्ये मृतच जन्मले होते. डॉक्टरने जतन केले, पुढे विकले गेले, जत्रेत दाखवले गेले आणि पोलिसांनी जप्त केले. बहुमताने न्यायालय म्हणाले, की कौशल्य खर्चून एखादे प्रेत निराळे जतन केले, तर त्यावर ताबा सांगता येतो. म्हणजे मालकी नाही, पण अर्भक परत द्या!

आपल्याकडे 1860 च्या भारतीय दंड संहितेत 297 वे कलम आले : कोणाच्या भावना दुखवण्याच्या किंवा धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने दफनभूमीत घुसणे वा प्रेताची विटंबना करणे. शिक्षा एक वर्षापर्यंत. शब्द नीट पाहिले तर गुन्हा मृताविरुद्ध नाही, जिवंतांच्या भावनांविरुद्ध आहे. 2023 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा कायम ठेवून, प्रेत ही 'व्यक्ती' नसल्याने त्यावर बलात्काराचे कलम लागत नाही असे सांगितले आणि केंद्राला कायदा बदलण्याची शिफारस केली. त्याच वर्षी भारतीय न्याय संहिता आली. 297 चे 301 झाले. मजकूर जवळपास तोच, आणि कलमही धर्मविषयक गुन्ह्यांच्याच प्रकरणात राहिले.