मूठभर माणसांचा झेंडा

१२ ऑक्टोबर २००८ रोजी पुण्याजवळच्या बालेवाडीत, श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुलात राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांना प्रारंभ झाला. स्पर्धांची ही तिसरी खेप. पहिली २००० साली एडिनबर्गला आणि दुसरी २००४ साली ऑस्ट्रेलियातील बेंडिगोला झाली होती. पुण्यात राष्ट्रकुलाचे ७१ संघ आणि सुमारे बाराशे कोवळ्या वयाचे खेळाडू आले. खेळ नऊ होते आणि मुक्काम आठवड्याभराचा. जिगर नावाचा एक वाघोबा या स्पर्धांचे बोधचिन्ह होता.

यजमान भारताने ३३ सुवर्णपदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला. सायना नेहवालने बॅडमिंटनमध्ये आणि आमच्या घाटापलीकडच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने नेमबाजीत सोने जिंकले. या मुलींचे कौतुक झाले ते योग्यच झाले. परंतु पदकांच्या तक्त्यात वरची चार नावे वाचून आपण पान उलटतो, आणि तळाशी असलेले, किंवा तक्त्यात शिरूही न शकलेले संघ आपल्या नजरेतून निसटतात. आम्ही मालवण किनाऱ्यावरची माणसे मोठ्या शहरांपासून दूर आहोत आणि संख्येने थोडी आहोत. म्हणूनच की काय, आम्हाला त्या तळाच्या संघांविषयी अधिक आपुलकी वाटते. त्यांचा इतिहास पाहिला तर आपल्या मुलांविषयी काही शिकता येते.

राष्ट्रकुलाच्या क्रीडाविश्वात एक न्यारी रीत आहे. ऑलिंपिकमध्ये एका झेंड्याखाली उतरणारे ब्रिटन इथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार संघ पाठवते. त्याखेरीज जर्सी, गर्न्सी, आइल ऑफ मॅन ही छोटी बेटेही आपापला स्वतंत्र संघ उतरवतात. त्यामुळे शंभर कोटींच्या भारताला एक रांग आणि काही हजार वस्तीच्या बेटालाही एकच रांग मिळते. पंच धावपट्टीवर मुलाला उभे करतो तेव्हा त्याच्या मागे किती माणसे आहेत, हे विचारत नाही.

या रीतीने काय घडू शकते, ते नौरूच्या उदाहरणावरून कळते. प्रशांत महासागरातले हे बेट २१ चौरस किलोमीटरचे असून लोकसंख्या दहा-बारा हजार, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. तिथे मोठी मैदाने कुठून येणार? पण वजन उचलायला एक खोली आणि लोखंडी दांडा पुरतो. मार्कस स्टीफन नावाच्या तरुणाने १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धांत भारोत्तोलनात नौरूला पहिलेवहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी नौरूला ऑलिंपिकमध्ये स्थानच नव्हते. म्हणून हा गडी सामोआच्या झेंड्याखाली उतरला. १९९४ मध्ये नौरूला मान्यता मिळाली आणि १९९६ ला अटलांटात तो आपल्या देशाच्या नावाने खेळू शकला. बालेवाडीत स्पर्धा भरल्या तेव्हा हाच मार्कस स्टीफन नौरूचा राष्ट्राध्यक्ष होता. लहान मुलुखात खेळाडू आणि राज्यकर्ता यांच्यातले अंतर असे थोडे असते.

आता त्याच पुण्यात आलेल्या आणखी एका पाहुण्याकडे वळू. वेस्ट इंडिजमधील ग्रेनाडा या देशाचा किरानी जेम्स तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याने ४०० मीटर धावण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. आपल्याकडे ते नाव फारसे कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

ग्रेनाडा म्हणजे केवढा देश? क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर आणि वस्ती लाखाहून थोडी अधिक. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेआठ लाखांच्या घरात आहे. एकट्या मालवण तालुक्यातच लाखावर माणसे राहतात. म्हणजे आचरा, मसुरे, कट्टा, देवबाग, तारकर्ली अशी गावे मिळून जेवढा मालवण तालुका होतो, तेवढ्या माणसांचा तो देश. त्याला स्वतःचा झेंडा आहे, आणि त्या झेंड्यावर एका बाजूला जायफळ रेखलेले आहे. आमच्या माडापोफळीच्या बागांत उभे असलेले तेच जायफळ तिथल्या कित्येक घरांची चूल पेटवत आले आहे.

साम्य एवढ्यावर संपत नाही. किरानी ज्या ग्वाव गावचा, ते मच्छीमारांचे गाव. पहाटे होड्या लागायच्या, मासळीचा भाव ठरायचा, असे जीवन आमच्या दालदी, गाबीत आणि भंडारी वाड्यांना समजावून सांगावे लागत नाही. रक्ताचा दुवाही आहे. १८५७ साली मेडस्टोन नावाच्या जहाजातून पहिले हिंदी मजूर करारावर ग्रेनाडात उतरले आणि त्यांचे वंशज तिथलेच झाले. १९७४ साली हा देश इंग्रजांच्या अमलातून मुक्त झाला. १९८३ मध्ये अंतर्गत बंडाळी माजली, पंतप्रधान मॉरिस बिशप मारले गेले आणि अमेरिकेने तिथे फौजा उतरवल्या. सप्टेंबर २००४ मध्ये 'आयव्हन' चक्रीवादळाने दहातल्या नऊ घरांचे नुकसान केले आणि जायफळाच्या बहुतेक बागा आडव्या केल्या. जायफळाचे नवे झाड लावले की ते धरण्यास किती वर्षे लागतात, हे बागायतदाराला विचारावे. त्या वादळाच्या वेळी किरानी बारा वर्षांचा होता. अवघ्या चार वर्षांनी तो पुण्यात सोने घेऊन उभा होता.

यात एकट्या मुलाची जिद्द पाहून थांबलो तर निम्मी गोष्ट हातून जाईल. कॅरिबियन बेटांवर शाळांच्या धावण्याच्या शर्यती हा गावाचा उत्सव असतो. त्यावर १९७२ पासून एक मोठी पायरी बांधली गेली आहे. 'कॅरिफ्टा' नावाच्या या स्पर्धा दरवर्षी ईस्टरच्या सुमारास भरतात आणि बेटाबेटांची शाळकरी मुले तिथे एकमेकांशी धावतात. आज या बेटावर, पुढल्या वर्षी त्या बेटावर. मुलाला पंधराव्या वर्षीच परका देश, परके मैदान आणि आपला झेंडा यांची सवय होते. किरानी याच वाटेने वर आला. पुण्याला येण्याआधी, जुलै २००८ मध्ये पोलंडला झालेल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले होते. पुणे ही त्याच्या जिन्याची एक पायरी होती.

पुढचा जिना जगाने पाहिला. २०११ मध्ये दक्षिण कोरियातील देगू येथे, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याच्या दोन दिवस आधी, तो जगज्जेता झाला. ६ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनमध्ये त्याने ४३.९४ सेकंदांत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. ग्रेनाडा १९८४ पासून ऑलिंपिकला जात होता आणि अठ्ठावीस वर्षांनी मिळालेले हे त्याचे पहिले पदक होते. देशाने दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. त्यानंतर २०१६ ला रौप्य आणि टोकियोत कांस्य अशी पदके त्याने मिळवली. त्याच बेटाचा अँडरसन पीटर्स भालाफेकीत २०१९ आणि २०२२ चा जगज्जेता ठरला. २०२२ मध्ये त्याच्या मागे रौप्यपदकावर आपला नीरज चोप्रा होता. एकशे चाळीस कोटींच्या पुढे एक लाखाची वस्ती उभी राहिली, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते.

असे लहान संघ आम्हाला परके वाटू नयेत, कारण एके काळी आपणही तसेच होतो. पहिले महायुद्ध संपल्यावर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी शेतकरी मुलांना अनवाणी धावताना पाहिले. जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. ही मुले युरोपच्या धावपटूंच्या जवळपास वेळ देतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा जणांचा संघ निघाला. त्यात पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकिणी हे धावपटू होते, तर नवले आणि शिंदे हे दोन मल्ल. व्यवस्थापक होते सोहराब भूत आणि डॉ. फैजी. बंगाली, बेळगावकर, मराठी, पारशी आणि मुसलमान असा तो मेळ. अजून देश स्वतंत्र व्हायचा होता आणि हातातला झेंडा साहेबाच्या राज्याचा होता. बेळगावचे चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. शिंदे कुस्तीत चौथे आले, म्हणजे पदक एका लढतीने हुकले. तीस कोटींच्या मुलखातून केवळ सहा माणसे! त्या दिवशी अँटवर्पच्या मैदानावर आपण नौरूहून मोठे नव्हतो.

त्यांच्यामागे वर्गणी होती. तीच कथा १९५२ ची. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायचे होते आणि पैसे नव्हते. गावाने झोळी फिरवली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे हे वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक. गावाकडे परतताना शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आमच्या जिल्ह्यात वेंगुर्ल्याचे महाविद्यालय बॅ. खर्डेकरांच्या नावाने चालते. त्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या मुलांना हे गहाणखत ठाऊक असायला हवे. पदक कोरले जाते खेळाडूच्या नावाने, पण त्याच्या मागे कोणा एकाचे घर पणाला लागलेले असते.

आता प्रश्न उरतो तो आमच्या किनाऱ्याचा. ग्रेनाडाएवढी माणसे एका तालुक्यात असताना इथून किरानी का निघत नाही? इथल्या मुलांच्या अंगात कस नाही, असे म्हणण्याची आमची तयारी नाही. भरतीच्या पाण्यात रापण ओढणारे हात आणि ओल्या वाळूत मैलभर पळणारे पाय आम्ही रोज पाहतो. मालवणला चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा भरतात आणि राज्यभरातून मुले येतात, तेव्हा हा समुद्र काय देऊ शकतो हेही दिसते.

उणीव आहे ती पायऱ्यांची. ग्रेनाडाच्या मुलाला शाळेनंतरची पुढची पायरी थेट दुसऱ्या देशाच्या मैदानावर नेते, कारण त्याचा गाव, तालुका आणि देश एकच आहे. आमच्या मुलाला तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चाळण्यांतून जावे लागते. विभागाला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची तालमीत घडलेली मुले समोर येतात. एका सकाळी अर्धा सेकंद कमी पडला की वर्षाचा हिशेब मिटतो. मग दहावी येते, मग मुंबई किंवा आखात. आमच्या वाडवडिलांनी खलाशी होऊन साऱ्या जगाची बंदरे पाहिली. त्यांच्या नातवंडांपैकी कितीजणांनी चारशे मीटरची आखलेली धावपट्टी पाहिली आहे? मुलींचे तर विचारूच नये. जिचा वेग वर्गात सर्वांना ठाऊक असतो, ती आठवीनंतर मैदानावर दिसेनाशी होते. यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. दोन्ही घरांतल्या आया सारख्याच काळजीत असतात आणि दोन्ही घरांतले बाप सारखेच गप्प.

मालवणला वेगळा देश करा, असे आम्ही म्हणत नाही. देश आपला एकच आणि तो मोठा आहे, याचा आनंदच आहे. मात्र मोठ्या देशाने आपल्या पोटातल्या लहान मुलखांना स्वतःची रांग दिली पाहिजे. राष्ट्रकुलाने जर्सीला दिली, तशी किनाऱ्यावरच्या तालुक्यांनी एकमेकांच्या शाळांना द्यावी. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याची मुले दरवर्षी ठरल्या दिवशी आळीपाळीने एकमेकांच्या गावी धावायला जावीत. शेजारच्या रत्नागिरीलाही आणि गोव्यालाही बोलवावे. चुन्याने पट्टे आखावेत, घड्याळाने वेळ घ्यावी आणि प्रत्येक मुलामुलीचे नाव, गाव आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. शेवटच्या क्रमांकाचीही. याला सरकारी हुकूम लागत नाही. १९२० आणि १९५२ साली जे वर्गणीने झाले, ते आज आखातातल्या आणि मुंबईतल्या आमच्याच भावंडांच्या हाताला जड नाही.

बालेवाडीत आलेली बहुतेक छोट्या देशांची मुले पदकावाचून परतली. त्यांची नावे कोणी विचारली नाहीत, पण धावपट्टीवर पुकारली मात्र गेली. मुलाचे नाव त्याच्या गावासकट मोठ्याने पुकारले जाणे, हे त्याच्या वयाला मिळालेले पहिले नागरिकत्व असते. किरानी जेम्सचे नाव पुण्यात पुकारले गेले तेव्हा त्याच्या पाठीशी लाखभर माणसांचा एक झेंडा होता. आमच्या किनाऱ्यावर माणसे तेवढीच आहेत. नाव पुकारणारे कोणी तरी उभे राहायला हवे.