बोल्ट आणि अँकर (प्रस्तरारोहण)

खडकात भोक पाडून पक्का बसवलेला धातूचा खिळा म्हणजे बोल्ट. त्याच्या हँगरमध्ये कॅरॅबिनर अडकवून दोर ओवतात. असे दोन किंवा अधिक बोल्ट एकत्र जोडले की अँकर तयार होतो.

युरोपीय मानक ईएन ९५९ नुसार बोल्टने खडकाला समांतर दिशेने किमान २५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन भार सोसायला हवा. पण हा आकडा चांगल्या खडकातला असतो. खरा प्रश्न खडकाचाच.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. सह्याद्रीतील इतर कड्यांप्रमाणे तोही बेसॉल्टचा. घट्ट बेसॉल्टमध्ये एक्स्पान्शन बोल्ट उत्तम धरतो. सच्छिद्र किंवा झिजलेल्या थरात मात्र त्याच्या फुगण्यानेच खडक फुटू शकतो. अशा ठिकाणी रेझिनने चिकटवलेला लांब बोल्ट अधिक भरवशाचा, अर्थात भोक ब्रशने आणि फुंकून स्वच्छ केले असेल तरच. भोकात उरलेली धूळ चिकटपणा मारते.

चार महिन्यांचा पाऊस साध्या पोलादाला गंजवतो, तेही बऱ्याचदा आत, नजरेआड. म्हणून स्टेनलेस स्टील वापरावे. थायलंडच्या समुद्रकाठच्या कड्यांवर तेही तडकल्याने टायटॅनियमचे बोल्ट बसवावे लागले.

जोडणीचा कोनही निर्णायक. दोन बोल्टच्या पट्ट्यांमध्ये ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येकावर सुमारे ५८ टक्के भार येतो, १२० अंशांना पूर्ण १०० टक्के.

हलणाऱ्या, गंजलेल्या किंवा अनोळखी जुन्या अशा एकट्या बोल्टवर कधीही जीव टांगू नये.