गाडीचा रंग आणि अळवावरचे पाणी

नवी गाडी शोरूमबाहेर पडण्याआधीच मालकापुढे एक कागद येतो: सिरॅमिक कोटिंग. हा सल्ला फक्त विक्रेताच देतो असे नाही. सोसायटीतले शेजारी, कचेरीतले सहकारी, गाड्यांची हौस असलेला भाचा, सगळे तेच सांगतात. "एकदा कोटिंग करून टाका, पाच वर्षे बघायला नको. आणि घरी धुण्यापुसण्याच्या भानगडीत पडू नका, रंग खराब होईल." हे मत इतके रूढ झाले आहे की त्याच्याकडे पुरावा मागायचे कोणाला सुचत नाही. या लेखात तो मागायचा आहे. गाडीचा रंग टिकतो तो लेपामुळे कमी आणि धुणाऱ्या हातामुळे जास्त. आणि तो हात मालकाचा असू शकतो, नव्हे, असावा, असे माझे प्रतिपादन आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे अन्यायाचे ठरेल, म्हणून तो पूर्ण बळानिशी मांडतो. कोटिंगचे समर्थक म्हणतात: सिरॅमिक लेप सिलिकावर आधारलेला असतो, तो रंगाला घट्ट धरून बसतो, मेणासारखा उन्हात वितळत नाही. त्याची कठीणता ९ एच असते, म्हणून ओरखडे पडत नाहीत. पाणी त्यावर ठरत नाही, म्हणून गाडी आपोआप स्वच्छ राहते. तिला आरशासारखी चमक येते आणि ऊन-पावसापासून वर्षानुवर्षे रक्षण मिळते. हे काम धूळ नसलेल्या जागेत, योग्य प्रकाशात, शिकलेल्या हातांनीच व्हायला हवे. अंगणात बादली घेऊन बसणारा हौशी माणूस रंगाचे नुकसानच करतो. या मांडणीत बरेच खरे आहे. लेप मेणापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतो, हे खरे. रसायनांना तो चांगले तोंड देतो, हेही खरे. माझा वाद या सत्यांवरून काढलेल्या निष्कर्षांशी आहे.

आधी ज्याचे रक्षण करायचे ती वस्तू पाहू. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचे चार थर असतात. पत्र्यालगत गंज रोखणारा, विजेच्या साहाय्याने चढवलेला थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, म्हणजे बेस कोट, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे चमक आणि उन्हापासूनचे रक्षण या दोन्हींचा भार वाहणारा थर केसापेक्षाही पातळ आहे. ऊन अडवणारी रसायने कारखान्यातच या थरात मिसळलेली असतात. तो एकदा घासून गेला की परत येत नाही.

आता पहिला दावा: ९ एच. हा आकडा ऐकला की बहुतेकांना शाळेतले मोह्जचे कोष्टक आठवते, ज्यात हिरा १० वर आणि माणिक-नीलम ९ वर असतात. ग्राहकाची समजूत अशी होते की आपल्या गाडीवर नीलमाइतके कठीण कवच चढले. वास्तविक या एचचा मोह्जशी काडीचाही संबंध नाही. तो पेन्सिलीचा एच आहे. ९ बी ते ९ एच अशा चढत्या कठीणतेच्या पेन्सिली ठरावीक वजनाखाली ४५ अंशांत पृष्ठभागावर ओढतात आणि कोणती पेन्सिल चरा पाडते ते पाहतात. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. ९ एच याचा अर्थ इतकाच की त्या श्रेणीतल्या सर्वांत कठीण पेन्सिलीनेही चरा पडला नाही.

पण आपल्या गाडीवर पेन्सिली ओढायला कोण येते? गाडीवर बसते ती धूळ. दख्खनच्या काळ्या पाषाणात फेल्डस्पार भरपूर असते आणि त्याची मोह्ज कठीणता ६ आहे. खडी फोडून केलेल्या क्रश सँडची कच प्रत्येक बांधकामाभोवती उडते, ती त्याच दगडाची. समुद्रकाठच्या वाळूतले क्वार्ट्झ तर ७ वर आहे. शिवाय लेपाची जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन, आणि त्याखालचा क्लिअर कोट मऊ. गादीवर वर्तमानपत्र अंथरले म्हणून गुडघा रुतायचा थांबत नाही. लेपावर धुळीचा कण दाबून फिरवला तर चरा पडतोच. पहिला दावा टिकत नाही.

दुसरा दावा: गाडी आपोआप स्वच्छ राहते. इथे उदाहरण कमळाच्या पानाचे दिले जाते. आपण अळूचे घेऊ, कारण ते आपल्या परसात आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली अशा पानांच्या स्वच्छतेचे रहस्य मांडले. पानावर मेणकट पदार्थाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात. थेंब त्यांच्या टोकांवर जवळजवळ पूर्ण गोळ्यासारखा उभा राहतो. त्याचा पृष्ठभागाशी होणारा कोन १५० अंशांहून जास्त असतो. म्हणून तो घरंगळतो आणि जाताना धूळ उचलून नेतो. गाडीवरचा लेप गुळगुळीत असतो. त्यावर हा कोन १०० ते ११० अंशांच्या आसपास राहतो. थेंब फुगीर दिसतो, पण आडव्या बॉनेटवर जागचा हलत नाही.

मग त्या थेंबाचे काय होते? तो उन्हात वाळतो. पाणी बोअरवेलचे किंवा टँकरचे असेल तर त्यातला चुना पांढऱ्या वर्तुळाच्या रूपाने मागे राहतो. पाणी गोळा होऊन बसल्यामुळे हे डाग लेप दिलेल्या गाडीवर अधिक ठळक उठतात. म्हणजे लेप दिलेली गाडी धुऊन लगेच टिपून घेण्याची गरज कमी न होता वाढते. अळवावरचे पाणी ही आपल्या भाषेतली क्षणभंगुरतेची उपमा आहे. गाडीवरचे पाणी मात्र डाग ठेवून जाते.

तिसरा दावा चमकेचा आणि वर्षांचा. स्टुडिओतून बाहेर आलेली गाडी आरशासारखी दिसते, यात शंका नाही. पण ती चमक कोणाची? लेप लावण्याआधी यंत्राने कंपाउंड आणि पॉलिश फिरवून जुने चरे काढले जातात. चरा काढणे म्हणजे तो भरणे नव्हे. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणणे. बरीचशी चमक या घासण्याची असते, आणि तिचे श्रेय लेपाला मिळते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा कोटिंग, म्हणजे पुन्हा घासणे. ४० मायक्रॉनच्या पुंजीतून दर वेळी काही मायक्रॉन गेले, तर ती पुंजी किती वेळा पुरेल?

मागच्या पिढीची रबिंगची सवयही इथेच तपासायला हवी. पद्मिनी-अँबेसिडरच्या काळात क्लिअर कोट नव्हता, रंगच सर्वांत वर होता. उन्हाने त्याची पूड होई, ती घासून काढली की खालचा ताजा रंग दिसे, आणि फडक्याला गाडीचा रंग लागे. त्या रंगासाठी तो उपाय योग्यच होता. आजच्या रंगावर दर दिवाळीला रबिंग करणे म्हणजे छत्रीचे कापड दरवर्षी थोडे खरवडणे.

वर्षांच्या हमीबद्दल मी स्वतः काही म्हणत नाही. हमीपत्रालाच बोलू द्यावे. त्यातली बारीक अक्षरे वाचा. ठरावीक मुदतीने देखभालीसाठी गाडी आणणे, ठरावीक प्रकारचा शाम्पू वापरणे, पक्ष्यांची विष्ठा आणि डाग ताबडतोब काढणे, अशा अटी तिथे बहुधा असतातच. म्हणजे "बघायला नको" हे तोंडी वचन, आणि "बघावेच लागेल" हा लेखी करार. यातले कोणते खरे मानायचे?

चौथा दावा सर्वांत वजनदार आहे: घरचा हात रंग बिघडवतो. याचा निवाडा वाचकांनी स्वतःच करावा. रात्री गाडीच्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील. रेघा प्रत्यक्षात सर्व दिशांना असतात; प्रकाशाच्या किरणाला आडव्या पडलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून जाळे गोल भासते. आता विचारा, या रेघा कुठून आल्या? बहुतेक गाड्या रोज पहाटे एका बादलीत आणि एका फडक्यात पुसल्या जातात. तीच बादली, तोच फडका, दहा-पंधरा गाड्या. पहिल्या गाडीच्या चाकाचा चिखल पाचव्या गाडीच्या छतावर फिरतो. पुसणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल: त्याला मिळणारा वेळ, पाणी आणि मोबदला यात दुसरे काही शक्यच नाही. तोच फडका कोटिंग केलेल्या गाडीवरही रोज फिरतो, आणि वर्षभरात तिथेही जाळे उमटते. म्हणजे रंग बिघडवतो तो कोरडा, मळका फडका. तो घरचा की परका, हा प्रश्नच नाही. आणि तो बदलण्याचा अधिकार फक्त मालकाकडे आहे.

इथे खंडन संपले. नुसते खंडन करून थांबणाऱ्याचे म्हणणे अर्धेच राहते, म्हणून आता मंडन.

गाडी सावलीत उभी करा. बॉनेट हाताला गार लागला पाहिजे. आधी चाके धुवा, त्यांची बादली आणि ब्रश वेगळे. मग नुसत्या पाण्याने वरची माती सुटू द्या; हात लावण्याआधी जितकी माती जाईल तितके चरे वाचतात. त्यानंतर दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवा, तो साध्या पाण्यात पिळून माती सोडू द्या, मगच पुन्हा शाम्पूत घाला. छतापासून खाली या. दारांचा खालचा भाग शेवटी. कपड्यांची पावडर वापरू नका, तिच्यातला सोडा मेण उतरवतो. शेवटी मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून पाणी टिपा, रगडू नका. जुना बनियन या कामाला चालत नाही. त्याच्या शिवणी चरे पाडतात. टॉवेल वेगळे धुवा, त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका; त्याने तंतूंवर थर बसून टॉवेल पाणी शोषेनासा होतो.

वर्षातून एकदा-दोनदा धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवा. खरखर लागली तर धुण्याने न निघणारे कण रंगात रुतले आहेत. त्यासाठी क्ले बार असतो; भरपूर ओलावा ठेवून तो हलक्या हाताने फिरवावा. तो जमिनीवर पडला तर फेकून द्यावा. नंतर मेण किंवा सीलंट. ब्राझीलच्या कार्नौबा ताडाच्या पानांचे मेण ८० अंश सेल्सिअसच्या वरच वितळते. "मेण उन्हात वितळून जाते" हे विधान म्हणूनच सरसकट खरे नाही. ते झिजते मात्र लवकर, दोन-तीन महिन्यांत. सीलंट त्याहून जास्त टिकते. मेअखेरीस, पावसाआधी एक हात आणि दिवाळीच्या सुमारास एक हात, एवढी शिस्त पाळली तरी मोठा फरक पडतो.

पिंपळ-वडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीवर विष्ठा पडणारच. ती कोरडी खरवडू नका. ओला कपडा पाच मिनिटे वर ठेवा, मग उचलून घ्या. हे त्याच दिवशी करा. उन्हात तापलेल्या रंगात तिचा डाग खोल जातो. चुन्याच्या डागांवर निम्मे पाणी घातलेले व्हिनेगर थोडा वेळ लावून धुऊन टाका. आणि धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्याने हलणारे कव्हर त्या धुळीला सँडपेपरचे काम करायला लावते.

पाण्याचा आक्षेप येईल, आणि यायलाच हवा. ज्या महाराष्ट्राने २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जाताना पाहिले, त्याला पाइप सोडून गाडी धुण्याचा सल्ला कोणी देऊ नये. पण दोन बादल्यांच्या पद्धतीत पाणी मोजूनच लागते, आणि टंचाईत न खंगाळता धुण्याचे द्रावण मिळते, त्यात एका बादलीत काम भागते. वेळेचा आक्षेपही असाच. पंधरवड्यातून एक तास. साहित्याचा खर्च सुरुवातीला दोन-तीन हजार रुपये. कोटिंगचा त्याच्या अनेक पट.

मर्यादाही सांगायला हव्यात. ज्या चऱ्यात नख अडकते, तो घरी निघणार नाही. तिथे रंगाऱ्याकडेच जावे. महामार्गावर उडणाऱ्या खडीपासून मेणही वाचवत नाही आणि सिरॅमिकही नाही. तिथे १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची फिल्मच उपयोगी, आणि ती बसवणे हे कारागिराचेच काम आहे. ज्याला कोटिंग करून घ्यायचे आहे त्याने जरूर करावे. धुणे त्याने सोपे होईल. पण धुणे त्याने टळणार नाही.

तेव्हा निष्कर्ष असा. लेप ही सोय आहे, रक्षण ही सवय आहे. सोय विकत मिळते, सवय लावून घ्यावी लागते. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, हळदकुंकू लावतो, तिला घरातली मानतो. घरातल्या वस्तूची निगा घरच्याच हातांनी राखावी, ही आपली जुनी रीत आहे आणि रंगाचे शास्त्रही तेच सांगते. माझे म्हणणे पटले असेल तर येत्या रविवारी, ऊन चढण्याआधी, दोन बादल्या भरा. पटले नसेल तर आज रात्री टॉर्च घेऊन खाली उतरा आणि बॉनेटवरचे जाळे पाहा. निर्णय तिथेच होईल.