शंभुनाथ डे यांची दोन पाने

इचलकरंजीस यंत्रमागावर आम्ही काम करीत होतो, तेव्हा दिवाणजी कापड मोजून विणकराच्या नावे चोपडीत मांडीत असे. बीम मागावर चढण्यापूर्वी सुताची हजारो टोके वहिफणीतून ओवून देणाऱ्या कामगाराचे नाव त्या मीटरांपाशी कधी येत नसे. त्याच्यावाचून हातभर कापडही निघाले नसते, हे दिवाणजीला ठाऊक होते. पण चोपडीत तसा रकानाच नव्हता.

शास्त्राच्या जगातही अशी एक चोपडी आहे. नवा लेख लिहिणारा संशोधक ज्यांच्या कामावर आपण उभे आहोत, त्यांचा हवाला लेखाच्या शेवटी देतो. हे हवाले गोळा करून त्यांची सूची करावी, अशी कल्पना अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडली आणि १९६४ पासून ती सूची छापून येऊ लागली. कोणाचे काम कितीजणांनी घेतले, हे तेव्हापासून आकड्यांत सांगता येऊ लागले. या चोपडीत कलकत्त्याच्या एका डॉक्टरचा हिशोब कसा लागला, ते पाहण्यासारखे आहे.

शंभुनाथ डे यांचा जन्म १९१५ साली हुगळी जिल्ह्यात झाला. त्यांनी हाती घेतलेला विषय पटकीचा. पटकीचे जंतू शरीरात विष सोडीत असावेत, असे रॉबर्ट कॉख यांनी १८८४ सालीच म्हटले होते. पुढे सत्तर वर्षे विद्वानांनी प्राण्यांना नाना ठिकाणी जंतू टोचून पाहिले. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब काही उलगडेनात. डे यांनी रोग जेथे घडतो तेथेच, म्हणजे आतड्यात, पाहिले. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून मध्ये जंतू सोडले, तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. चॅटर्जी या सहकाऱ्याबरोबर हे त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले. मग त्यांनी जंतू गाळून काढले आणि उरलेला नुसता द्रव घातला. आतडे तसेच फुगले! म्हणजे पाणी ओढणारे ते विष होते. हा लेख १९५९ च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये आला. पाने अवघी दोन. (आम्हाला ती कोश उघडून वाचावयास तीन संध्याकाळी लागल्या.) त्याच वर्षी मुंबईस परळच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून विषाकडेच बोट दाखविले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

एवढे होऊनही त्या दोन पानांकडे आरंभी फारसे कोणी वळले नाही. ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे काढावे, तर तशी साधने डे यांच्यापाशी नव्हती. ते काम १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टीन व लोस्पालुतो यांनी केले आणि मग त्या विषावर लेखांची रीघ लागली. डे १९७३ साली निवृत्त झाले. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानच्या पटकीवरील परिषदेस त्यांना बोलावणे आले. तेथे ते म्हणाले की, साठीच्या आरंभापासून आपण मेल्यातच जमा होतो, या परिषदेने आपल्याला उकरून वर काढले. गारफील्ड यांनी पटकीच्या संशोधनाचा नकाशा काढून त्यात डे यांची जागा दाखविली ती १९८६ साली. डे आदल्या वर्षीच वारले होते.

आकड्यांनी अखेर न्याय केला, असे आमचे एक प्राध्यापक स्नेही म्हणतात. आम्हाला ते अर्धेच पटते. हवाला देणारा देईल तेव्हाच चोपडीत नोंद होते. बांधलेल्या आतड्याची ती युक्ती तर पुढे प्रयोगशाळांच्या इतकी अंगवळणी पडली की, ती कोणाची हे सांगण्याचे भानही पुष्कळांना राहिले नसेल. २००५ साली हर्श यांनी काढलेला अंक तर आणखी तऱ्हेवाईक आहे. एखाद्याने एकच लेख लिहिला आणि हजारांनी त्याचा हवाला दिला, तरी त्याच्या पदरी अंक पडतो तो एक! आणि नेमणुका, बढत्या ठरविताना असलेच आकडे पुढे केले जातात.

डे हयात असताना भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नव्हते. बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्या कामावर विशेष अंक काढला, तो १९९० साली.